आधी उतार, मग चढ

सायकलवरून घाट करून आलो असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, ‘चढ किती होता हो?’ आमच्या ओझरहून माळशेज घाटात जाऊन आलेल्या माणसाला हे विचारलं तर तो आधी थोडा घोटाळतो. कारण जाताना चढ असा नसतोच. सगळा चढ येताना असतो. आज मी तुम्हाला या उलट्या घाटाबद्दल सांगणार आहे. त्याच्या उलटेपणामुळे आमच्या एका मित्रावर काय वेळ आली, तेही सांगणार आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे गोष्टीत थोडं गणित येईल, ते सांभाळून घ्या.

ओझर म्हटलं की सर्वांना विघ्नहर आठवतो. अष्टविनायकांची गाडी येते, दर्शन होतं आणि गाडी लेण्याद्रीकडे जाते. देवळाच्या मागे कुकडीचं पाणी पसरलेलं आहे. ते येडगाव धरणाचं पाणी. या पाण्याकडे नीट पाहिलं तर माळशेजचं सगळं कोडं सुटतं. कुकडी उगम पावते नाणेघाटाजवळ, म्हणजे सह्याद्रीच्या अगदी धारेवर. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण कुकडी तिकडे न जाता पूर्वेला वळते, घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी अर्धा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात पडतं. याच धारेच्या पलीकडे चार पावलांवर पडलेला पाऊस मात्र काळू नदीत उतरतो आणि उल्हास नदीतून अरबी समुद्राला मिळतो.

याचा अर्थ असा, की आपला सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा डोंगर नाही. घराच्या छपरासारखा नाही, तर ओट्यासारखा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांचं पठार झालं. त्याची पश्चिमेची कड पुढे तुटली, झिजली आणि मागे सरकली. आपण देशावरची माणसं या ओट्यावर राहतो. कोकण ओट्याखाली आहे. म्हणून ओझरहून ओतूरला येऊन कल्याण-अहिल्यानगर महामार्गाला लागलं की डिंगोरे, मढ, पिंपळगाव जोग्याचा जलाशय, खुबी फाटा असे चाळीसेक किलोमीटर किरकोळ चढउतारांचे जातात. उजव्या हाताला हरिश्चंद्रगड दिसत राहतो. मग एकाएकी जमीन संपते. समोर नुसती हवा आणि खाली कोकण.

ही गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांना चांगली ठाऊक होती. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल पायऱ्यापायऱ्यांनी वर यायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण घाटाच्या माथ्यावर आहे, आणि राणी नागनिकेचा शिलालेख असलेलं लेणंही तिथेच वर आहे. जकात घ्यायची तर ती जागा अचूक आहे. एवढा चढ चढून दमलेला माणूस माल घेऊन पुन्हा खाली पळून जाणार नाही!

आता आमच्याकडे येतो. आम्ही चौघे. मी मास्तर. दुसरे अण्णा, द्राक्षबागाईतदार, तेव्हा वय बासष्ट. तिसरे आमचे डॉक्टर आणि चौथा तात्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. चौघांनी शाळेत असताना चोवीस इंची काळ्या सायकली दामटलेल्या. साठीच्या आसपास पुन्हा हौस आली आणि गिअरच्या सायकली घेतल्या. पहिल्या वर्षभर नारायणगाव, जुन्नर, लेण्याद्री असं झालं. मग अण्णा म्हणाले, ‘मास्तर, एकदा घाट उतरून चढून येऊ. नुसतं कडेला उभं राहून चहा प्यायला आपण काय सहलीला आलोय?’

जानेवारीतला दिवस ठरवला. पावसाळ्यात माळशेज फार देखणा असतो, पण तेव्हा दरडी येतात, धुकं असं की पुढचं चाक दिसत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर आमच्या भागातला माणूस पावसाळ्यातल्या डोंगराकडे नुसतं ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून पाहू शकत नाही.

निघालो मात्र उजाडल्यावर, सात वाजता. पहाटे चारला निघा असं शहरातले सायकलवाले सांगतात. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबट्या. सायकलवर वाकून बसलेला माणूस अंधारात त्याला माणूस वाटेलच असं नाही. तेव्हा उजेड होईपर्यंत घरात चहा प्यावा हे उत्तम.

थंडी होती. अंगात स्वेटर, कानाला मफलर. रमतगमत दहाच्या सुमाराला कड्यावर पोचलो. चौघांपैकी एकही दमलेला नव्हता, आणि खरा धोका तिथेच होता. सरळ डोंगर चढून जाताना शरीर वेळोवेळी सांगतं, आता पुरे. तुम्ही मागे वळता आणि मागे वळलं की उतार असतो, घर आपोआप जवळ येतं. माळशेजला तसं नाही. तिथे ताजातवाना माणूस कड्यावर उभा राहतो, पुढे उतार असतो आणि नको म्हणायला कारणच सापडत नाही. उतरणं फुकट वाटतं. प्रत्यक्षात ती उधारी असते आणि ती दुपारी फेडायची असते.

उधारी किती, त्याचा हिशेब करू. मोजायला सोपं जावं म्हणून उतार पाचशे मीटरचा धरा. माणूस आणि सायकल मिळून वजन पंचाऐंशी किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आलं की साधारण चार लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ज्यूल डोळ्यांसमोर येत नसेल तर असं समजा, की बर्फासारखं गार एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. ती कुठे तरी गेलीच पाहिजे. तुम्ही मोकळे सुटलात तर ती वेगात जाते आणि वेग हवेशी झगडतो. पण वळणावळणाचा घाट, समोरून मालट्रक, मध्ये बोगदा, तिथे मोकळं सुटता येत नाही. ब्रेक दाबावाच लागतो. मग उष्णता रबराच्या ब्रेकमध्ये आणि चाकाच्या रिममध्ये शिरते. म्हणजे तुमच्या दोन रिमांखाली शेगडी पेटल्यासारखंच झालं.

म्हणून घाट उतरताना ब्रेक सतत घासत ठेवायचा नसतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेटाने दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडून द्यायचा आणि सरळ रस्त्यावर चाकाला वारा लागू द्यायचा. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, कारण थांबताना वजन पुढे येतं. पण तो एकदम गच्च आवळला तर माणूस हॅन्डलवरून पुढे जातो. मध्ये एक-दोनदा थांबून सायकल गार करायची. डिस्क ब्रेक असेल तर रिमला त्रास नाही, पण ती तबकडी इतकी तापते की हात लावू नये.

हे सगळं मी कड्यावर सांगितलं होतं. अण्णांनी ऐकलंही होतं. पण घाट पाहिला की भल्याभल्यांची बोटं ब्रेकवर घट्ट बसतात. अण्णांची बसली ती बसलीच. निम्मा घाट उतरून एका रुंद जागी आम्ही फोटोसाठी थांबलो. सायकली कठड्याला टेकवल्या, दोन मिनिटं गेली आणि बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. कठड्यावरची माकडं चारी दिशांना पळाली. अण्णांच्या पुढच्या चाकाची ट्यूब फुटली होती. चालत्या सायकलला वारा लागत असतो. थांबल्यावर तो बंद होतो, रिमची उष्णता आत ट्यूबमध्ये उतरत राहते, हवा फुगते. हीच ट्यूब एका मिनिटापूर्वी उतारावर फुटली असती तर काय झालं असतं, यावर त्या वेळी आम्ही एक अक्षर बोललो नाही.

नवी ट्यूब पिशवीत होती. पण रिम तापलेली, हात लावता येईना. अण्णांनी आपल्या बाटलीतलं पाणी रिमवर ओतलं. एक बाटली संपली. दुसरीतलं पाणी हात धुण्यात गेलं. हे आमच्या लक्षात आलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ट्यूब बसवून पायथ्याला सावर्ण्यात पोचायला बारा वाजत आले. जेवून चढाला लागलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

आता चढाचं गणित. उतरताना जे चार लाख ज्यूल रिममध्ये गेले तेच आता पायांनी परत भरायचे. आठ-नऊ किलोमीटरमध्ये पाचशे मीटर, म्हणजे साधारण सतरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटातली रेल्वे सदतीसला एक अशा चढाने जाते आणि तरीही तिला मागून जादा इंजिन लावावं लागतं. आपल्याला मागचं इंजिन नाही, पण गिअर आहेत.

गिअर जोर वाढवतात असा एक समज आहे. गिअर जोर देत नाहीत, सुटे पैसे देतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं पायडल एकदा पूर्ण फिरवलं की ती पाच मीटरच्या वर जायची. गिअरच्या सायकलवर सगळ्यात हलका गिअर टाकला तर एका फेऱ्यात ती दोन मीटरही जात नाही. काम तेवढंच, पण छोट्या छोट्या हप्त्यांत. पाय गोल गोल फिरत राहतात, गुडघ्यावर ताण येत नाही आणि वेग चालण्याहून थोडाच जास्त राहतो. यात कमीपणा मानू नये. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, साखळी बदलणारे गिअर वापरायला 1937 साली परवानगी मिळाली. तोवर मोठमोठे वीर डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रीवर घाट चढायचे.

खरी अडचण जोराची नाही, उष्णतेची आहे. माणसाचं शरीर खाल्लेल्या अन्नातला पाचवा-चौथा हिस्साच पायांच्या कामात घालू शकतं. उरलेल्याची उष्णता होते. चार लाखांचं काम करायला जवळजवळ अठरा-एकोणीस लाख ज्यूल जाळावे लागतात. दोन-तीन भाकऱ्या म्हणा ना. त्यातले पंधरा लाख अंगात उष्णता म्हणून साठतात. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम वाळला तर चोवीस लाख ज्यूल नेतो. म्हणजे निदान अर्धा-पाऊण लिटर घाम अंगावर वाळला पाहिजे. नुसता गळून उपयोग नाही. आणि कोकणातली हवा दमट, तिथे घाम वाळत कमी आणि गळतो जास्त. म्हणून पाणी हिशेबापेक्षा कितीतरी जास्त लागतं.

आणखी एक गोष्ट मी स्वतः मास्तर असून विसरलो होतो. माळशेजची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सकाळी सूर्य तिच्या मागे असतो आणि घाट सावलीत असतो. दुपार झाली की सूर्य समोर येतो, काळा कातळ तापतो आणि उष्णता आपल्याच अंगावर फेकतो. आम्ही सकाळची सावली उतरण्यात घालवली होती आणि दुपारचं ऊन चढण्यासाठी राखून ठेवलं होतं.

दोन तृतीयांश घाट चढल्यावर डॉक्टर माझ्या बरोबरीला आले आणि हळूच म्हणाले, ‘अण्णा बोलायचे थांबलेत.’ ही खूण लक्षात ठेवा. दमलेला माणूस कुरकुर करतो, शिव्या देतो, चिकी मागतो. उन्हाने ग्रासलेला माणूस गप्प होतो. पुढच्या वळणावर आम्ही अण्णांना थांबवलं. डोकं दुखत होतं, मळमळत होतं, आणि एवढ्या उन्हात हातावर काटा आला होता. आपण कुठवर आलो असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, ‘ओतूर आलं ना?’ दोन्ही बाटल्या कोरड्या. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली होती. अशा काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकतात, त्यामुळे शरीर आधीच कोरडं असतं. त्यात वाटेत सारखं थांबायला नको म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यायलेलं.

कातळाच्या सावलीत आडवं केलं, पाय थोडे उंच केले. मफलर ओला करून मानेवर आणि काखेत ठेवला, तात्या टोपीने वारा घालत राहिला. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांना बरं वाटायला लागलं आणि बरं वाटताच ते सायकल घ्यायला उठले.

‘अण्णा, बस झालं. आता गाडीने जायचं,’ डॉक्टर म्हणाले.

‘तीन किलोमीटर राहिलेत डॉक्टर. ढकलत नेतो. पण गाडीत घालून नेऊ नका, घरी काय तोंड दाखवू?’

खरं सांगतो, मलाही वाटलं की ढकलत जाऊ द्यावं. इतकी वर्षांची मैत्री, माणूस हट्टी, त्याचा हिरमोड कोण करणार? पण सकाळी निघताना वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘मास्तर, ते ऐकायचे नाहीत. तुम्ही लक्ष ठेवा.’ आणि शब्द मी दिला होता. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो आणि हात केला. आमच्या भागातली भाजी घेऊन रात्री कल्याणला, मुंबईला गेलेली पिकअप दुपारी रिकामी परतत असते. अशीच एक थांबली. अण्णांना पुढे बसवलं, डॉक्टर शेजारी बसले, सायकली मागे टाकल्या. ओतूरच्या दवाखान्यात दोन सलाइन लावून संध्याकाळी अण्णा घरी आले. तब्येत ठीक. पण माझ्याशी आठ-दहा दिवस बोलले नाहीत. मी बागेत गेलो तर गड्याला सांगायचे, ‘मास्तरांना चहा दे,’ आणि स्वतः द्राक्षाच्या ओळीत निघून जायचे.

अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाले, ‘मास्तर, आधी चढून मग घरी येता येईल का हो?’

त्यातून पुढच्या वर्षीचा बेत ठरला. पहाटे पाचला चौघं आणि चार सायकली पिकअपमध्ये घालून घाटाखाली उतरलो. पिकअपमध्ये बिबट्याची भीती नाही. सावर्ण्यात उजाडेपर्यंत चहा घेतला आणि सात वाजता चढायला लागलो. सगळा घाट सावलीत, कातळ गार. प्रत्येकाकडे तीन बाटल्या, मीठ-साखरेच्या पुड्या, शेंगदाण्याची चिकी आणि मागे लाल दिवा. तहान लागायची वाट न पाहता दर पाव तासाने दोन घोट प्यायचे. रक्तदाबाच्या गोळीबद्दल डॉक्टरांनी अण्णांना आधीच तपासून काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. ज्यांना अशी औषधं चालू आहेत त्यांनी हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, मित्राचं ऐकून गोळी बदलू नये. आणि एक करार केला होता. चौघांपैकी कुणीही एकाने ‘पुरे’ म्हटलं की चौघांनी थांबायचं, वाद घालायचा नाही.

अण्णांनी तीनदा ‘पुरे’ म्हटलं. तीनदा आम्ही सगळे उतरलो, कठड्यावर बसलो, पाणी प्यायलो. गेल्या वर्षी ज्या वळणावर त्यांना आडवं केलं होतं तिथे ते स्वतःहून थांबले, कातळाकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे निघाले. कड्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन तास दहा मिनिटं. शर्यतीतल्या पोरांना हा वेळ ऐकून हसू येईल, येऊ द्या.

तिथून घर चाळीस किलोमीटर, सपाट. जुन्या मफलरची घडी करून अण्णांनी ती कॅरिअरला लावली आणि पुढे निघाले. खुबी फाट्यापासून मढपर्यंत ते द्राक्षांच्या भावावर बोलत होते, मढपासून ओतूरपर्यंत जावयाच्या नोकरीवर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णा बोलत होते, म्हणजे सगळं ठीक होतं. दुपारी साडेबाराला आम्ही विघ्नहराच्या दारात सायकली लावल्या. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या.

तुमच्यापैकी कुणाला हा घाट करायचा असेल तर जरूर करा. फक्त कड्यावर ताजेतवाने उभे असाल तेव्हा खाली पाहण्याआधी घड्याळ पाहा, बाटल्या पाहा आणि बरोबरच्या माणसांकडे पाहा. उतार आपला कुठे पळून जात नाही.